खांबावरच्या रेघा

दर्यापूरच्या स्टँडबाहेर पेरू विकणाऱ्या बाईचं नाव मी कधी विचारलं नाही. अकोल्याच्या गाडीची वाट पाहत रोज तिच्या टपरीपाशी उभा राहायचो, एवढीच ओळख. टपरीच्या खांबावर खडूच्या रेघा होत्या. शाळेत जाणाऱ्या लेकरांना ती खांबाला टेकवून उभं करी. जुन्या रेघेच्या वर डोकं गेलं की एक पेरू फुकट. मला वाटे, गिऱ्हाईक धरून ठेवायची युक्ती असेल.

एकदा एक लाजरी पोरगी अंग चोरून उभी राहिली. बाई एकदम खेकसली, "गुडघे सरळ कर!"

पोरगी दचकली. मी म्हणालो, "अहो, लहान आहे ती. रागावता कशाला?"

पेरू पुसता पुसता ती म्हणाली, "मी एवढीच होती, तवा कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटवर कामाले होती. दिवसभर नखानं कळ्या सोला लागत. झाडं बुटकी, लहान पोरीले वाका लागत नाही, म्हणून प्लॉटवाल्याईले लहानच पायजे. मुकादम काठी रोवून मापे. काठीच्या वर गेली का पोरगी बाद. काम सुटलं तर घरी मार. मंग मी गुडघे वाकवून उभी राहत होती."

तिला माझ्या हळहळीची गरज दिसली नाही.

पोरगी आता ताठ उभी होती. बाईनं रेघ मारली, ढिगातला मोठा पेरू निवडून तिच्या हातावर ठेवला आणि अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशी ओरडली, "वाढली वं पोरगी!"