रिकाम्या कपाटाचा खुलासा

सेलूच्या आमच्या कॉमर्स कॉलेजची मान्यता टिकवायची की नाही, हे विद्यापीठाची समिती येऊन ठरवायची. समिती येणार म्हटलं की सगळ्याच कॉलेजांत एक रिवाज होता: मुलांकडची पुस्तकं परत मागवायची, कपाटं गच्च भरायची आणि समितीची जीप गेली की पुन्हा वाटायची. ग्रंथालय माझ्याकडे होतं. त्या वर्षी समिती नेमकी परीक्षेच्या तोंडावर येणार होती. पुस्तकं मागवायला मी साफ नकार दिला.

विद्यापीठाच्या नावावरून तेव्हा मराठवाडा धुमसत होता. एसटी कधी बंद पडेल याचा नेम नसायचा. जिंतूरकडची मुलं आली तर आली. त्यांच्या हातातलं पुस्तक काढून घ्यायचं आणि पाहुण्यांना दाखवायचं? प्राचार्य म्हणाले, तुम्ही कॉलेज बुडवाल. बुडू द्या, मी म्हणालो. रागाच्या भरात बोललो खरा, पण शब्द मागे घेतला नाही.

समिती यायच्या आदल्या दिवशी देवगाव फाट्याकडची, दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी कॉस्टिंगचं पुस्तक घेऊन दारात उभी राहिली.

"सर, हे ठिवा कपाटात. मान्यता गेली तर बाबा मला घरी बसवतेत."

तिचं शिक्षण माझ्या हट्टावर टांगलेलं होतं. तरी मी म्हणालो, "घेऊन जा ते. घरी जाऊन वाचत बस." पुस्तक पिशवीत टाकून ती गेली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

समितीच्या अध्यक्षांनी कपाट उघडलं. आत दोन जुने शब्दकोश आणि धूळ. पुस्तकं कुठे आहेत, त्यांनी विचारलं. वाचणाऱ्यांकडे, मी म्हणालो. बघायची असतील तर जीप काढा, घरं दाखवतो. जीप निघाली, ती थेट जेवणाच्या पंगतीकडे.

मान्यता मिळाली, पण एकाच वर्षाची आणि 'ग्रंथालय रिकामे' या शेऱ्यासकट. त्या मुलीला तेवढं वर्ष पुरलं. ती बी.कॉम. झाली.

प्राचार्यांनी मात्र माझ्याकडे लेखी खुलासा मागितला. माफी लिहिलीत तर प्रकरण मिटेल, असंही सुचवलं. मी त्यांच्यासमोरच बसून लिहिलं: "परीक्षेच्या दिवसांत कपाट रिकामे होते, हे खरे आहे. ते भरलेले आढळले असते, तर मला खुलासा देता आला नसता."