मामा आणि भांड्याचं बूड

“थांबा, आधी बूड बघू द्या.”

लग्नाच्या पंगतीत हे ऐकलं असतं तर तुम्ही दचकला असता. आम्ही तुळजापूरकर सरावलो होतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी, ज्यांना सगळं गाव मामा म्हणायचं, त्यांचं भांड्यांचं दुकान. कुठंही नक्षीदार काचेचा बाऊल दिसला, की मामा तो उचलून पालथा करायचे. आत काय आहे, हा विचार नंतर. एका साखरपुड्यात असंच व्याह्यांच्या धोतरावर श्रीखंड सांडलं. “काच मात्र चांगली हाय,” मामा म्हणाले, आणि व्याहीच आधी हसले.

दुकान स्टीलचं, पण जीव जुन्या काचेत. साच्यातल्या काचेवर जोडाची बारीक रेघ असते, हातानं कापलेल्या नक्षीची धार बोटाला लागते, आणि वय बुडावरच्या चऱ्यांत दिसतं, हे त्यांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं होतं. गिऱ्हाईक कुकर घ्यायला आलेलं असो, नाहीतर चमचे.

चुकायचेही झोकात. एका हिरव्या बाऊलला त्यांनी “बेल्जमचा, शंभर वर्सांचा!” असा निकाल दिला. तो मागच्या दिवाळीत चिवड्यावर फुकट आला होता, असं बाऊलच्या मालकीणबाईंनी सांगितलं. मामा जराही ओशाळले नाहीत. “मग चिवडेवाला लई जुना असंल!”

पण कुणाचं तोंड बघून त्यांनी निकाल कधी फिरवला नाही. म्हणून तर माझ्या आत्याला त्यांच्याकडं न्यायला मी टाळाटाळ करत होतो.

आत्याचं सासर माकणीचं. तिच्या पहिल्या संक्रांतीला माझ्या आजोबांनी, म्हणजे तिच्या अण्णांनी, तिला एक दातेरी काठाचा बाऊल दिला होता. हैदराबादहून आणला म्हणाले होते. तिची नणंद मात्र जन्मभर हिणवत आली, “हैदराबाद कसलं, जत्रंतलं हाय ते!” बाऊलचं आत्याला काही नव्हतं. आपले वडील खोटं बोलले, हे तिला सोसत नव्हतं. शेवटी ती स्वतःच तो लुगड्यात गुंडाळून मामांच्या दुकानात घेऊन आली. सगळी कहाणी सांगून म्हणाली, “जे असंल ते सांगा.”

मामांनी बाऊल पालथा केला. नक्षीवरून बोट फिरवलं. मी देवीला हात जोडले, खरंच जोडले.

“कारखान्याचं नाव न्हाय. साच्यातला हाय, आपल्याच देशातला. हैदराबादचा न्हाय, आक्का. असले आमच्या वडिलांनी हितं तुळजापूरच्या जत्रंत ढिगानं इकले.”

आत्याचा चेहरा उतरला. मला मामांचा असा राग आला की बाऊल हिसकावून निघावंसं वाटलं. मामा मात्र अजून काठ चाचपत होते.

“तुमचं माहेर कुठलं?”

“येडशी.”

“तवा गाडी बैलाचीच ना?”

“व्हय. दुसरं काय होतं?”

“आमचा माल पेंढ्यात बांधून यायचा, तरी निम्म्याचे दाते उडालेले असायचे. ह्याचा एक दाता गेला न्हाय. खडीच्या रस्त्यानं येडशीपर्यंत हे गाडीत ठिवून अख्खं जात न्हाय, आक्का. मांडीवर धरून नेलंय कुणीतरी.”

आत्यानं डोळ्यांना पदर लावला, मग एकदम हसत सुटली. “अण्णांचे गुडघे दुखायचे वो!” एवढंच म्हणाली. मामांनी तिघांसाठी चहा मागवला आणि माझा राग कुठच्या कुठं गेला.

गेल्या दिवाळीत मी माकणीला गेलो, तेव्हा नणंद आलेली. आत्यानं त्याच बाऊलमधून तिच्यापुढं करंज्या ठेवल्या आणि तिनं तोंड उघडायच्या आत सांगून टाकलं, “तुमचंच खरं, वन्स. जत्रंतलंच हाय. आमच्या अण्णांनी मांडीवर धरून आणलंय.” नणंदेनं मुकाट्यानं करंजी उचलली.

हे कधी एकदा मामांना सांगतो असं झालं होतं. एस्टीतून उतरलो तो थेट दुकानाकडं. शटर खाली होतं. शेजारचा शिंपी मशीन थांबवून बाहेर आला. “मामा परवा सकाळीच गेले वो, झोपेतच,” म्हणाला.

मी दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो. शिंप्यानं विचारलं, काही काम होतं का? काम काही नव्हतं. त्यांना हसवायचं होतं.