पाटल्यांचे ओरखडे

न्यू लिन या उपनगरातले आमचे गाड्या रंगवणारे शेजारी रंग लावण्याआधी माझी जुनी गाडी उन्हात उभी करत आणि एक डोळा मिटून बघत बसत. "डब्यातला रंग नव्या गाडीचा. तुझी माझ्यासारखी विटलीय," म्हणत त्यात थेंबथेंब पांढरा मिसळत. मी वैतागले, की "नो रश."

डाव्या दाराच्या मुठीखाली त्यांना ओरखडे दिसले. "हे कुणी केलं?"

"आईच्या पाटल्यांनी. माझ्या बाळंतपणाला आली होती. आता ती नाही."

ते "हं" म्हणून पुन्हा रंग ढवळू लागले.

संध्याकाळी बघते तर गाडीवर नव्या रंगाचा एकही डाग सापडेना. ओरखडे मात्र तसेच होते, फक्त त्यांच्यावरून बिनरंगी लॅकरचा पातळ हात फिरला होता.

"आता गंजणार नाहीत," म्हणून ते पायातल्या रबरी जँडल्स फटफटवत घरात गेले.