अर्लिसच्या टेबलाखालचा हीटर

अर्लिस ट्वाइटने नोकरी सोडायचं जवळजवळ पक्कं केलं होतं; फक्त हा एक लेझर तिचं ऐकतो का, तेवढं बघायचं राहिलं होतं.

बोझमन गावातल्या त्या लहानशा लेझरच्या कारखान्यात तिचं काम वर्षानुवर्षं एकच. लेझरचं तापमान जरा हललं की त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी हलते, मग तो कुणाच्याच कामाचा नाही. ते तापमान धरून ठेवणारी यंत्रणा असते, तिचा वेग ठरवणारा इवलासा स्क्रू अर्लिस लावायची. जास्त फिरवला तर बया उतावळी होऊन डोलायला लागते, कमी फिरवला तर पेंगते. मधली जागा अर्लिसला बोटांनीच कळायची.

कॅन्सरवरच्या केमोने ती बोटं बधिर केली, पायही. कामावर परतल्यापासून पडद्यावरची तापमानाची रेघ संथपणे वर-खाली होत होती, काही केल्या सरळ येईना.

"गेला माझा हात," ती शेजारच्या टेबलावरच्या वेंडेलला म्हणाली.

"हात कुठे जातोय! लेझरच हट्टी आहे लेकाचा. पाय गारठलेत का गं?" ती परतली त्याच दिवशी तिच्या टेबलाखाली हीटर त्यानेच आणून ठेवला होता, कुणी न सांगता.

त्या दुपारी तिच्या बोटांतून स्क्रूड्रायव्हर निसटला. चरफडत ती वाकली, तोच हीटरचा लाल दिवा टक् करून विझला. वर बघते तर रेघ खाली उतरू लागलेली. थोड्या वेळाने पुन्हा टक्. दिवा लागला, रेघ चढली. हीटर आपोआप चालू-बंद होत होता आणि उघड्या लेझरभोवतीची हवा त्याच्याबरोबर तापत-निवत होती. बधिर पायांना पत्ताच नव्हता.

तिने प्लग उपटला. रेघ हळूहळू सरळ झाली, आणि सरळच राहिली. हात शाबूत होता! अर्लिसला रडूच फुटलं.

"काय गं, काय झालं?" वेंडेल धावत आला.

"तुझा हीटर, गाढवा! वेड लावलं मला त्याने."

वेंडेलचा चेहरा पडला. "मी आपलं... तुझे पाय म्हणून..."

"माहितेय रे. तू नसतास ना, तर मी पहिल्याच दिवशी घरी गेले असते. फार केलंस माझ्यासाठी."

दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलाखाली गरम पाण्याची रबरी पिशवी होती, लोकरीच्या मफलरमध्ये गुंडाळलेली.

"हात लावून बघितलीय, भाजणार नाही," वेंडेल तिच्याकडे न बघता म्हणाला. "आणि ही चालू-बंद होत नाही. सावकाश निवते. निवली की सांग, भरून देतो."

अर्लिसने पिशवीवर पाय टेकले आणि पुढचा लेझर मागवला.