सावित्रीबाईंचा मोडलेला विक्रम

कट्टा गावच्या शाळेत खेळ शिकवणाऱ्या सावित्रीबाईंनी मालवणच्या वार्षिक टेनिस स्पर्धेत महिला एकेरी सात वेळा जिंकली होती. पुढे त्या निवृत्त झाल्या, गुडघे कुरकुरू लागले, तरी त्यांचा तो विक्रम वर्षानुवर्षं कुणाच्या हाती लागला नाही.

त्यामागे कोण होतं, हे घरच्यांनाच ठाऊक. लग्न झाल्यावर बाईंनी रॅकेट माळ्यावर टाकली होती. धाकटी मुलगी रांगायला लागली तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे अक्कांनी, ती रॅकेट स्वतः खाली काढून झटकली.

"तू खेळाक जा. पोरां मी बघतंय."

सून पंजाबी ड्रेस घालून तांबड्या मातीत धावते म्हणून शेजारणी कुजबुजल्या. "साडी नेसान कशी धावतली?" एवढंच अक्कांनी विचारलं आणि विषय मिटला.

मग सलोनी आली. बाईंचीच विद्यार्थिनी, डावखुरी, कुडाळच्या एका बँकेत नोकरीला. तिनेही एकामागून एक सात विजेतेपदं मिळवली. बरोबरी झाली आणि त्याच वर्षी तिला मुलगी झाली, अवनी. त्यानंतर सलोनी कोर्टवर दिसेनाशी झाली.

एका रविवारी बाई पिंगुळीला तिच्या घरी गेल्या. "खेळणां सोडलंस काय गो?"

"अवनीक कोणाकडे ठेवू, बाई? सासू नाय, आई लांब रेडी गावाक." सलोनी जरा हसली. "आणि तुमचो विक्रम आसा तो तसोच रवांदे मा."

ते ऐकून बाईंना क्षणभर बरं वाटलं. आपल्याला बरं वाटलं याचंच मग त्यांना वाईट वाटलं. चहाचा कप खाली ठेवत त्या म्हणाल्या, "तिका आमच्याकडे आणून सोड. अक्का आसत, मी आसंय."

तेव्हापासून मालवणला सरावाला जाताना सलोनी कट्ट्याला बाईंच्या घरी थांबू लागली. अवनी अक्कांच्या मांडीवर आणि बाईंच्या खांद्यावर वाढली. अक्कांची नजर अधू झाली होती, पण पोर कशासाठी रडतंय हे त्यांना आवाजावरून कळे.

यंदाच्या अंतिम सामन्यात सलोनीने पहिला सेट गमावला. दुसरा तिने कसाबसा ओढून आणला. तिसऱ्यात मात्र तिचा डावा हात असा काही चालला, की समोरच्या अक्षयाला, वेंगुर्ल्याच्या त्या तरण्या पोरीला, चेंडू नुसते बघत राहावे लागले. आठवं विजेतेपद! टाळ्या वाजल्या आणि मग लोक हळूच सावित्रीबाईंकडे बघू लागले.

चषक द्यायला त्यांनाच बोलावलं. त्यांनी माईक हातात घेतला.

"माझ्या विक्रमाचं तुम्ही सगळ्यांनी पुष्कळ कौतुक केलंत. पण मी कोर्टवर असताना माझी मुलं कुठे असायची, हे कुणी विचारलं नाही. ती अक्कांकडे असायची. हे मी त्यांना घरातसुद्धा कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून आज सगळ्यांसमोर सांगते. हा चषक अक्कांच्या हातून द्यावा."

कुंपणाच्या जाळीपलीकडे अवनीला मांडीवर घेऊन खुर्चीवर बसलेल्या अक्कांनी हात हलवून नकार दिला. "पोर निजलां आसा. माका उठाक सांगू नको."

तेव्हा बाईच चषक घेऊन खुर्चीपाशी गेल्या. घामाने निथळणारी सलोनी मातीतच गुडघे टेकून बसली. अक्कांनी एक हात अवनीच्या पाठीवरून काढला नाही. दुसऱ्याने चषक चाचपला आणि सलोनीच्या ओंजळीत सरकवला.