आबांनी आवाज दिलेला सिनेमा

माझे बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे परदेशात, न्यू लिनला आले तेव्हा ऐन हिवाळा होता. बाहेर पाऊस, घरात हीट पंप, आणि अकोल्याजवळच्या गावात जन्मभर पिठाची गिरणी चालवलेला माणूस कानटोपी घालून सोफ्यावर बसलेला. गिरणीच्या वरताण ओरडून बोलायची सवय काही सुटत नव्हती. ते 'चहा दे' म्हणाले तरी शेजारची म्हातारी खिडकीतून बघायची. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची. तिला मराठी कळायचं, पण उत्तर इंग्रजीत. बाबांना इंग्रजीचा गंध नाही. या दोघांनी दिवसभर करायचं काय, याची मी उगाच काळजी करत होते.

त्यांना मातीचे सिनेमे सापडले. ब्रिटनमध्ये बनवतात ते, मातीच्या बाहुल्या केसभर केसभर हलवून फोटो काढत. त्यातला एक दोघांचा फार लाडका होता. उत्तर इंग्लंडातल्या डोंगराळ गावचा जाड नाकाचा बस कंडक्टर आणि त्याच्या बसमधल्या भांडखोर म्हाताऱ्या. बस दरीच्या काठावर लटकते आणि हा गडी विचारतो काय, तर थर्मासमधला चहा गार तर नाही ना झाला! बोलणं इतकं गावरान की मलासुद्धा सबटायटल लागायची. बाबांना एक अक्षर कळत नव्हतं, तरी पोट धरून हसायचे. "हे तं आपल्याच गावचे लोक हायेत," म्हणायचे. बाहुल्यांच्या गालांवर घडवणाऱ्याच्या बोटांचे ठसे दिसत. पुसायचे राहिले वाटतं, असं मी म्हटलं, तर म्हणाले, "राह्यले नाही, ठेवले हायेत."

मग एके दिवशी त्यांनी आवाज बंद केला आणि स्वतःच बोलायला लागले. कंडक्टर म्हणायचा, "काहून वं म्हातारे, एवढाले डोये करून काय पाहून रायली? तिकीट काढ!" म्हातारी फणकारायची, "मले नोको सांगू! आधी तुही बस सिधी कर, मंग तिकीट माग." मुलगी सोफ्यावर लोळून हसायची. पंधरा दिवसांत तीही म्हातारीचे संवाद म्हणायला लागली. माझ्या शनिवारच्या मराठी वर्गाला दोन वर्षांत जे जमलं नव्हतं, ते दरीत लटकलेल्या बसनं केलं. मला आनंद व्हायला हवा होता.

एका रविवारी आमच्याकडे चार कुटुंबं जेवायला होती, सगळी पुण्याची. मुलीनं सिनेमा लावला आणि तिच्या आबांना पुढे ओढलं. बाबा रंगात आले. सगळे खूप हसले, टाळ्या वाजवल्या. एकजण म्हणाला, "काका, हीप्स ऑफ फन! गणपतीच्या कार्यक्रमात कराच हे." त्यात कुणाचा काही कुत्सितपणा नव्हता. पण मला एकदम पुण्यातलं हॉस्टेल आठवलं. पहिल्याच दिवशी मेसमध्ये मी 'मले' म्हणाले होते आणि अख्खं टेबल हसलं होतं. महिनाभरात मी ती बोली घासूनपुसून काढली होती. लाज वाटली मला. माझ्याच बापाची लाज वाटली.

पाहुणे गेल्यावर स्वयंपाकघरात मी म्हटलं, "बाबा, हिची मराठी आधीच तोडकीमोडकी आहे. तिच्यापुढे जरा शुद्ध बोलत जा ना." ते ताटं पुसत होते. "बरं," म्हणाले, आणि उरलेली ताटं पुसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नातीला विचारलं, "बाळ, तुला दूध हवे आहे का?" अगदी पुस्तकातल्यासारखं, हळू आवाजात. हा नवा खेळ आहे असं वाटून ती हसली. त्यानंतर त्यांनी सिनेमाला कधी आवाज दिला नाही. दोघं शेजारी बसून इंग्रजीतच बघायचे. माउंट वेलिंग्टनच्या आमच्या ऑफिसात त्याच उत्तर इंग्लंडचा एक इंजिनियर आहे. भर मीटिंगमध्ये तो आपल्या गावच्या बोलीत बोलतो आणि सगळ्यांना तो फार गोड वाटतो. मलाही वाटतो. तेव्हा हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही, कोण जाणे.

बाबा परत गेले. दर रविवारी मोबाइलवर आवाजी निरोप पाठवायचे. आधी घसा खाकरायचे, मग सुरू. "नमस्कार. माझी तब्येत उत्तम आहे. म... मला इकडे काही त्रास नाही." त्या 'म'नंतर ते क्षणभर थांबायचे, शब्द बदलून घ्यायचे. मला ते ऐकू यायचं. एकदा फोन करून म्हणावं की बाबा, बोला हो तुमच्यासारखं, असं किती वेळा मनात आलं. पण तेवढं म्हणायला आधी माफी मागावी लागली असती. गेल्या मार्चमध्ये गिरणीतच हृदयविकारानं गेले. मी पोहोचले तेव्हा सगळं उरकलं होतं.

परवा शाळेला सुट्टी होती. मुलीनं बऱ्याच दिवसांनी तो सिनेमा लावला, आवाज बंद केला आणि म्हणाली, "आई, यू डू आबाज् व्हॉइस." मी प्रयत्न केला. खरंच केला. 'काहून' म्हटलं, 'मले' म्हटलं, पण एखाद्या नाटकात काम करणाऱ्या बाईसारखं. सूर काही येईना. तिला म्हातारीचे जेमतेम दोन संवाद आठवत होते. तीही अडखळली.

"देन प्ले हिज मेसेजेस," ती म्हणाली. मी लावले. बाबा खाकरले, नमस्कार म्हणाले, तब्येत उत्तम असल्याचं सांगितलं. तिनं तीन निरोप लक्ष देऊन ऐकले आणि मान हलवली.

"नाह. दॅट्स नॉट आबा. दॅट्स जस्ट हाउ ही टॉक्ड टू यू."

तसं बोलायला त्यांना मीच सांगितलं होतं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.