पाच झाली की या

आमच्या संस्थेच्या पत्रकाचं पहिलं वाक्य माझं होतं. 'लस हा तुमच्या बाळाचा हक्क आहे, तो मागून घ्या!' पिवळा कागद, जाड टाइप. नवं शतक लागून दोन-तीन वर्षं झाली होती आणि छापलेल्या कागदाने माणसं हलतात यावर माझा ठाम विश्वास होता. सातिवलीला कारखान्यांच्या गाळ्यांमागे पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा आहेत. तिथे मी ती पत्रकं दारोदार वाटली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना उभं राहून वाचून दाखवली.

पुढच्या फेरीला शेवटच्या खोलीतल्या बाईने मला अडवलं. नवरा प्लास्टिकच्या कारखान्यात मशीनवर, दोघं दुष्काळी भागातून आलेली. कडेवर मुलगी. नऊ महिने पुरे झालेली, म्हणजे गोवराच्या लशीच्या वयाची.

"ताई, तुमच्या कागदात पाचाचं कुठं लिवलंय?"

"कसलं पाच?"

"नर्सबाई म्हनती, पाच झाली की या. मागल्या खेपेलाबी तेच, या खेपेलाबी तेच. माझ्याकडं एकच हाय. बाकीची चार काय बाजारातनं आनू?"

नळावरच्या बायका हसल्या. ती हसली नाही. तिच्या जावेचा मुलगा गावाकडे गोवराने गेला होता, ते तिने आधीच सांगितलं होतं. लस हवी म्हणून ती स्वतःहून गेली होती. आणखी काय करायचं असतं आईने?

मी तशीच नर्सबाईंकडे गेले, त्यांचा यायचा दिवस होता तो. महिन्यातून एकदा त्या बर्फाची पेटी घेऊन रिक्षाने यायच्या आणि समाजमंदिरात बसायच्या. अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातल्या. साहेबांसमोर शाळेतलं मराठी, चिडल्या की घरचं. मला त्या बाय म्हणायच्या.

"एका बाटलीत पाच पोरांची लस असते," त्यांनी सांगितलं. "एकदा पाणी घालून कालवली की काही तासांत संपवायची. उरली तर फेकायची. ठेवली आणि उद्या टोचली, तर पोर मरेल. ते पाप मी नाही घेणार."

"मग उरलेली फेका."

"फेकू? एकदा दोघांसाठी फोडली, तर मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उभं केलं मला. लस तुझ्या बापाची आहे का, असं विचारलं." आणि मग घरच्या बोलीत, "माज्या जागी तू उभी ऱ्हा ना बाय."

त्यांच्या डोक्यावर भिंतीवर नवाकोरा कागद होता. 'लशीची नासाडी टाळा, सेवेची गुणवत्ता वाढवा.' आमच्या पत्रकासारखीच जाड अक्षरं. चूक काही नव्हतं त्यात. नासाडी वाईटच. पण फेकलेली बाटली वर कळत होती आणि परत पाठवलेलं पोर कुणालाच कळत नव्हतं. अशी गुणवत्ता वाढवायला अक्कल लागत नाही.

ठीक आहे, पाच तर पाच, म्हटलं. महिनाभर मी त्या वयाची पोरं शोधत फिरले. एक पोर आजीकडे गावी गेलेलं. एकीला भीती, की सुईने रात्री ताप येईल आणि दुसऱ्या दिवशीची मजुरी बुडेल. हायवेपलीकडच्या नव्या इमारतींत गेले, तर एका बाईंनी जाळीच्या दाराआडूनच सांगितलं, "आम्ही सरकारी घेत नाही." मी म्हटलं, तुमच्या एका बाळामुळे बाकीच्यांना मिळेल. त्या म्हणाल्या, "म्हणजे आमचं बाळ तुम्हाला भरतीला हवंय?" आणि आतलं दार लावलं. भरतीलाच हवं होतं.

तरी चार जणींनी होकार दिला. तिच्या मुलीला धरून पाच.

लशीच्या दिवशी ती सगळ्यांत आधी आली. मुलीला न्हाऊमाखू घातलेलं, गालावर काजळाची तीट. मागून दोघी आल्या. उरलेल्या दोघी पॅकिंगच्या कामाला होत्या, त्यांना सुपरवायझरने सोडलं नाही. मी गेटवर जाऊन भांडले. तो म्हणाला, "मॅडम, इंजेक्शन संडे को लगवा लो ना." रविवारी नर्सबाई नसतात, हे त्याला कुणी सांगायचं? मी सांगितलं. त्याने गेट ओढून घेतलं.

परत आले तेव्हा नर्सबाई पेटीचं झाकण लावत होत्या.

"तीन आहेत सिस्टर. फोडा ना."

"पुढच्या महिन्यात पहिली हिचीच. शब्द देते."

"माज्या पोरीला आज द्या," ती म्हणाली. पाया पडायला वाकली. नर्सबाईंनी तिला दंडाला धरून वर केलं, मुलीच्या गालाला हात लावला आणि माझ्याकडे न बघता रिक्षात बसल्या.

पुढचा महिना उजाडायच्या आत त्या खोलीच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला.

डहाळा म्हणजे घरात गोवर आलाय. आत जायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही, घरात फोडणी द्यायची नाही. सुई तर नाहीच. गावाहून सासू आली होती, तिचाच शब्द चालत होता. मी दारातून म्हटलं, श्वास बघा तिचा, दवाखान्यात चला. सासू म्हणाली, "आता आलीस व्हय सांगायला? निरोगी हुती तवा तुमी परत धाडली. आता आजारी हाय तर बोलावताय." रांगेत सगळ्यांनी ऐकलं. खरंच होतं ते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नेली तिला, छाती भरल्यावर. परत आली ती बापाच्या हातांवर, चादरीत.

त्यानंतर आरोग्य खात्याची जीप आली, भोंगा आला, आणि एकेका पोरासाठीसुद्धा बाटल्या फुटल्या. कुणी मोजल्या नाहीत. पॅकिंगवाल्या दोघींनाही सुट्टी मिळाली. मी मोठ्या साहेबांकडे गेले. त्यांनी चहा मागवला आणि शांतपणे म्हणाले, "ताई, आम्ही नासाडी टाळायला सांगितलं होतं. पोरं परत पाठवायला नव्हतं सांगितलं." मी चहा घेतला नाही. एवढंच करता आलं.

जीप गेली. भिंतीवरचा कागद राहिला. ती दोघं गावी निघून गेली.

पावसाळ्यानंतर त्या खोलीत दुसरं बिऱ्हाड आलं, पुन्हा नऊ-दहा महिन्यांचं मूल असलेलं. मी नवं पत्रक घेऊन गेले. त्यात आम्ही घातलं होतं, 'बाळ एकच असलं तरी बाटली फोडायला सांगा!' त्या बाळाच्या आईने कागद घडी घालून ठेवला. म्हणाली, "पण पाच लागतात ना? नळावर सगळ्या सांगतात." माझी पत्रकं महिनोन्महिने वाटूनही जिथे पोचली नाहीत, तिथे ते पाच पोचले होते.

मी तिला हाताला धरून समाजमंदिरात नेलं. दुसरं कुणी नव्हतं.

"किती?" नर्सबाईंनी विचारलं.

"एक. त्याच खोलीतलं."

त्यांनी बाळाकडे पाहिलं, मग दाराकडे, कुणी येतंय का म्हणून. मग पेटीत हात घातला. कालवायच्या पाण्याची काचेची नळी मोडताना फार बारीक आवाज होतो, नख तुटावं तेवढा. मी तो पहिल्यांदाच ऐकला.

टोचून झालं. उरलेल्या लशीची बाटली बोटांत धरून त्या बसून राहिल्या.

"आता वर काय सांगू?"

"माझं नाव सांगा. मी फोडायला लावली म्हणा."

नर्सबाई हसल्या, पण ते हसू काही बरं नव्हतं.

"तुज्या नावाला वर कोन वळखतं गो बाय?"